दुसऱ्यांच्या घरात ठेवलेला तांदूळ

कातमीच्या काटकसरीच्या गोष्टी आमच्या गावात चवीने सांगतात. त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. ती मिठाचे खडे मोजून घालते हे खोटं. उकडलेलं अंडं ती दोऱ्याने कापते हे खरं, मी स्वतः पाहिलंय. सुरीने कापलं तर पिवळं पात्याला चिकटून वाया जातं, दोऱ्याला चिकटत नाही. साबणाची वडी आणली की त्याच दिवशी ती तिचे चार तुकडे करते आणि तीन उन्हात वाळत घालते, हेही खरं. वाळका साबण कमी झिजतो. बाजारात पायी जाते, पायी येते, आणि टेम्पोवाल्याने फुकट बसवलं तरच बसते.

लोक हसतात. हसोत. मी तिची शेजारीण आहे. हसण्याजोगं काय आहे आणि काय नाही, ते मला कुंपणावरून दिसत आलंय. मालांग शहरात कॉलेज करून मी गावच्या शाळेत शिकवायला आले आणि इथेच म्हातारी झाले. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी सगळे मला अजून 'बू गुरू' म्हणतात, म्हणजे बाई. कातमी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिचा नवरा कासिरान माडावर चढून रस काढायचा आणि त्याचा गूळ करून विकायचा. एका सकाळी खोड ओलं होतं. पोरगी विंदार्ती तेव्हा माझ्याच शाळेत पहिलीत होती आणि तिला वर्गातून उठवून घरी मीच घेऊन गेले.

तेव्हापासून कातमी तेंपे करते. सोयाबीन शिजवायचं, त्यावर बुरशी धरू द्यायची आणि सागाच्या पानात बांधून सकाळी विकायचं. यात श्रीमंत कोणी होत नाही. दोघींचं पोट भरायचं, शाळेची फी निघायची, आणि बाकी काही उरू नये असाच हिशेब होता. तरी ती उरवायची. कसं उरवायची ते साबणावरून कळलंच. कशासाठी उरवायची ते मात्र गावात कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं की बाई चिकटच.

तिला भीती होती एकच, घरात एकटं राहायची. कासिरान गेल्यावर ती संध्याकाळ झाली की उगाच माझ्या पायरीवर येऊन बसायची, पानं निवडायच्या निमित्ताने. पुढे विंदार्ती मोठी झाली आणि गावातल्या सगळ्या पोरींसारखी तैवानला गेली, कुठल्यातरी म्हाताऱ्या बाईची सेवा करायला. तीन वर्षांचा करार, तो संपला की पुन्हा तीन वर्षांचा. आमच्या गावात आता प्रत्येक दुसऱ्या घराला चकचकीत फरशी आहे आणि त्या फरशीवर एक म्हातारा किंवा म्हातारी बसलेली आहे. हे बघून कातमीने मनाशी ठरवलं होतं: विंदार्तीचं लग्न झालं की घराच्या पुढच्या अंगाला दुकान काढायचं, म्हणजे पोरीला तिसरा करार करायची गरजच पडायची नाही. दुकान विंदार्ती चालवील आणि आपण मागे तेंपे बांधत बसू. मला हे तिने एकदाच सांगितलं. पण एकदा सांगितलेलं माझ्या लक्षात राहतं.

आता दुकानाला पैसे कुठून? बँकेत तिचं खातं नव्हतं. तिची सगळी शिल्लक दुसऱ्यांच्या घरात होती.

आमच्याकडे कोणाच्या घरी लग्न किंवा सुंता असली की आधी घरोघर जेवणाचा डबा येतो. डबा आला म्हणजे बोलावणं आलं. मग बाई टोपल्यात तांदूळ, साखर, तेल, शेवया भरते, कापडात बांधून पाठीशी घेते आणि लग्नघरी नेऊन ओतते. याला आम्ही बुवुह म्हणतो. आज मी तुझ्याकडे दहा किलो तांदूळ ओतला, तर माझ्या घरी कार्य निघेल तेव्हा तू दहा किलो आणायचास. वीस वर्षांनी का होईना. पैशाची किंमत उतरते, तांदूळ दहा किलो तो दहा किलोच राहतो. शिवाय घरात ठेवलेला तांदूळ अडचण आली की खाल्ला जातो. दुसऱ्याच्या घरी गेलेला खाता येत नाही. कार्य काढल्याशिवाय मागताही येत नाही. हट्टी माणसाला साठवायला याहून चांगली जागा नाही, आणि कातमीसारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. एकही लग्न तिने चुकवलं नाही. तीस वर्षं. नुसता तांदूळ नेऊन ओतायची असंही नाही. लग्नाच्या आधी तीन दिवस तिथल्या मागच्या चुलीवर जाऊन बसायची, इतर बायकांबरोबर कांदे सोलायला, नारळ खवायला. जेवण तिथेच, आणि येताना भात-कोंबडीचं पुडकं. ते ती दोन दिवस पुरवायची. मला वाटतं तिचं खरं जगणं त्या तीन-तीन दिवसांतच व्हायचं. बोलायची फारशी नाही. पण कोणीतरी डाव्या हाताला बसलंय, कोणीतरी उजव्या हाताला बसलंय, आणि कुणाच्यातरी सुनेचे वाभाडे निघताहेत, एवढं तिला पुरायचं.

यात एकच गोष्ट बिघडली. हे तिने विंदार्तीला कधी समजावून सांगितलं नाही.

समजावून सांगायची पद्धतच नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, तोंडाने कोणी म्हणत नाही. मी देतेय ते परत घ्यायला, असं बोलून दाखवलं की त्याची सावकारी होते. बाकीच्या घरांत पोरांना ते आपोआप कळतं, कारण तिथे एकदा तरी मोठ्या भावाची सुंता, मोठ्या बहिणीचं लग्न होतं आणि दारात टोपल्यांची रांग लागते. विंदार्ती एकटीच. तिने तांदूळ घरातून जाताना पाहिला, येताना कधी पाहिलाच नाही.

ती अकराएक वर्षांची असतानाचं मला आठवतंय. त्या महिन्यात लग्नं लागोपाठ होती आणि कातमी भातात कसावा हा स्वस्तातला कंद मिसळत होती, अर्ध्याला अर्धा. असा भात गिळायला पाण्याचे फार घोट लागतात. आणि कातमी टोपलं पाठीशी बांधून निघाली तर पोरगी दारात आडवी उभी. म्हणाली, आपण कसावा खायचा आणि लोकांना तांदूळ? कातमी म्हणाली, ते आपलंच आहे गं. पोरीला काय कळणार, आपलं आहे तर घराबाहेर का चाललंय. ती बाजूला झाली, पण त्या दिवशी जेवली नाही. मी कातमीला म्हटलं होतं, अगं सांग तिला नीट. ती म्हणाली, मोठी झाली की कळेल.

मोठी झाली आणि तिला वेगळंच कळलं.

दुसरा करार संपत आला तेव्हा तिचा फोन आला. कातमीच्या फोनवर चित्र दिसत नाही, म्हणून असे फोन माझ्या फोनवर येतात आणि आम्ही दोघी माझ्या ओसरीवर बसून बघतो. विंदार्तीच्या शेजारी एक पोरगा बसला होता, सावळा, लाजरा, कान मोठे. मुजियोनो. तिकडेच कारखान्यात कामाला, मूळचा लांपुंगचा, म्हणजे समुद्रापलीकडच्या सुमात्राचा. आजोबा आमच्याच बाजूचे, म्हणून बोली आमचीच. विंदार्ती आईला माक म्हणते. म्हणाली, माक, आम्ही लग्न केलं. तिथल्या मशिदीत, चार मित्र साक्षीला.

मी विचारलं की सोहळा कधी करणार, इकडे कधी येणार. तर विंदार्ती खुशीत हसली. शाळेत बेरीज बरोबर आली की हसायची तशी.

"सोहळा नाही करायचा, बू गुरू. खर्च वाचवला. माक, तूच शिकवलंस ना? मांडव, बाजा, शंभर माणसांचं जेवण, कशाला हवं? त्या पैशात आम्ही लांपुंगला जमीन घेतली. करार संपला की सरळ तिकडेच जाणार. घर बांधलं की तूपण ये."

"बरं केलंत," कातमी म्हणाली.

मला हे असलं सहन होत नाही. मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, पोरी, तुझ्या आईने तीस वर्षं साऱ्या गावाच्या लग्नात तांदूळ ओतला तो कशासाठी, माहीत आहे का? तुझ्या एका सोहळ्यात तो सगळा परत यायचा होता. त्यातून इथे तुझं दुकान उभं राहायचं होतं. तू जो वाचवलास तो खर्च नव्हता, ती तुमची शिल्लक होती.

कातमी माझा हात ओढत होती. तिकडे विंदार्तीचं हसू गेलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून देतेस. माक, मी तुझ्यावर इतकी चिडायचे. मी शपथ घेतली होती, आपल्या घरातून लग्नापायी एक दाणा जाऊ द्यायचा नाही. तू एकदा सांगायचं होतंस."

"सांगायचं काय त्यात," कातमी म्हणाली.

जमीन घेऊन झाली होती, विमानाचं तिकीट सुमात्राचं होतं. विंदार्ती रडली, नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ती म्हणाली की आमच्याशिवाय कर सोहळा, तुझं तुला परत घे, आणि त्या पैशाने स्वतःसाठी काहीतरी कर. फोन बंद झाल्यावर कातमीने माझ्या ओसरीवरची चहाची भांडी विसळून पालथी घातली. मला वाटतं तिला घरी जायचं नव्हतं.

नवरा-नवरीशिवाय लग्न हे आता आमच्याकडे अगदीच नवीन राहिलेलं नाही. पोरं परदेशात, सुटी मिळत नाही, मग फोटो ठेवून सोहळा उरकतात. तरी कातमी तयार नव्हती. तिला तयार केलं सुलिकाहने. सुलिकाहचं घर विहिरीपलीकडे, तोंड सतत चालू, आणि कातमीच्या बुवुहची सगळ्यात मोठी देणेकरी तीच. तीन पोरं उजवली आणि तिन्ही वेळा कातमीने वीस-वीस किलो ओतले.

"यू," सुलिकाह म्हणाली, यू म्हणजे थोरली बहीण, "तू कार्य काढलं नाहीस तर मी हे ओझं घेऊन मरू का? वर गेल्यावर विचारतील, सुलिकाह, कातमीच्या साठ किलोंचं काय झालं? मी काय सांगू, तिची पोरगी फार काटकसरी निघाली?"

"नवरी नाही आणि लग्न कसलं?"

"नवरी कोण बघतं? लोक कोंबडी बघतात."

शेवटी रजबचा महिना ठरला. ब्लितारहून फोटो मोठा करून आणला. विंदार्ती आणि मुजियोनो, दोघं जाड जाकिटं घालून. फोटोवाला म्हणाला की कॉम्प्युटरवर लग्नाचे कपडे चढवून देतो, नवऱ्याला पगडी, नवरीच्या केसांत मोगरा, थोडे जास्त पडतील. कातमी म्हणाली, असू दे, जाकिटं बरी आहेत. तो फोटो नवरा-नवरीच्या दोन नक्षीदार खुर्च्यांपैकी एकीवर ठेवला. दुसरी रिकामी राहिली. पोरांनी तिच्यावर चढू नये म्हणून मी तिथे फुलांचं तबक ठेवलं.

तीन दिवस त्या घरात एवढी माणसं होती की कासिरान गेला त्यानंतर तेवढी कधी नव्हती. मागे आठ-दहा बायका, चार चुली, नारळाच्या करवंट्यांचा ढीग. सुलिकाह हुकूम सोडत होती. आणि कातमी? कातमी मागे नव्हती. यजमानीण मागे बसत नाही. तिला उसना जरीचा झगा चढवून, केसांचा अंबाडा घालून दाराशी खुर्चीवर बसवलं होतं. बायका टोपली घेऊन यायच्या, दोन्ही हातांत तिचा हात घ्यायच्या, नवराबायको सुखी राहोत म्हणायच्या, आणि आत जाऊन तांदूळ ओतून मागे गप्पांत बसायच्या. मागून हसण्याचा आवाज आला की ती मान वळवायची. एकदा उठून निघालीसुद्धा. सुलिकाहने कढईपाशीच अडवलं.

"तू कुठे चाललीस? झगा माझ्या जावेचा आहे, हळद लागली तर मला खाईल ती. जा, बस जाऊन राणीसारखी."

कातमी परत येऊन बसली. दुपारी पाहुण्यांची गर्दी ओसरली तेव्हा दाराशी ती, आत तो जाकिटांचा फोटो आणि ती रिकामी खुर्ची, एवढंच होतं. मी शेजारी जाऊन बसले. मला म्हणाली, "बू गुरू, सगळे आले ना?" म्हटलं, सगळे आले. एकही घर चुकलं नाही. जे मेले त्यांच्या सुना आल्या.

सगळं आलं. तांदळाच्या गोणी पलंगाखाली, पलंगावर, न्हाणीच्या दारापर्यंत. चौथ्या दिवशी बाजारचा व्यापारी गाडी घेऊन आला, पाचव्या दिवशी घर रिकामं झालं. दुकान उभं राहील इतके पैसे झाले होते. मी तिला बँकेत नेऊन खातं उघडून दिलं आणि म्हटलं, आता तूच काढ दुकान. ती म्हणाली, गल्लीत तीन आहेत, चौथ्याचं काय करायचं, आणि दुकानात येणारा माणूस घेतो आणि जातो, तो कांदे सोलत बसत नाही. मग म्हटलं लांपुंगला जा लेकीकडे. विंदार्तीपण दर आठवड्याला बोलावत होती. कातमी म्हणाली, नातवंड झालं की जाईन महिनाभर. कायमची नाही. तिथे मला ओळखतं कोण?

मला तिचा राग आला, खरं सांगते. तीस वर्षं जिवाचं रान करून मिळवलं आणि आता त्याचं काय करावं ते हिला सुचेना. निदान दात तरी बसवून घे, असं मी म्हटलं. तिने दात बसवले नाहीत.

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीत एक लग्न झालं. माझ्याकडे डबा आला. कातमीकडे आला नाही. मला वाटलं पोरं वाटायला गेली आणि एखादं घर राहिलं. मग उपासाचा महिना गेला, ईद झाली, पुन्हा एक लग्न, आणि पुन्हा तिच्याकडे डबा नाही. बोलावल्याशिवाय जाणं आमच्याकडे फार हलकं समजतात. त्या दोन्ही लग्नांच्या वेळी मागच्या चुलींचा धूर आमच्या अंगणात येत होता आणि कातमी आपल्या पायरीवर सागाची पानं पुसत बसली होती. एकेक पान दोन्ही बाजूंनी. इतकं पुसायची गरज नसते.

बेसार महिना आला. बेसार म्हणजे आमचा लग्नांचा महिना. सुलिकाहच्या धाकट्याचं लग्न होतं. डबे वाटले गेले, माझा आला, कातमीचा नाही. मी सरळ सुलिकाहच्या घरी गेले आणि विचारलं, तुमचं तिच्याशी भांडण आहे का?

सुलिकाह चाटच पडली. "भांडण कसलं, बू गुरू? तिचं सगळं फिटलं ना आता. तिच्या घरी पुन्हा मांडव पडायचा नाही, पोरगी एकच होती. आता तिच्याकडून तांदूळ घ्यायचा तो परत कुठे करायचा? ते लुबाडणं झालं. आम्ही सगळ्या बायकांनी बोलून ठरवलंय. फार केलं बिचारीने, आता तिला सोडून द्यायचं."

ती हे मनापासून बोलत होती. तिचे डोळेसुद्धा भरले होते. मी घरी आले आणि कातमीला जसंच्या तसं सांगितलं. लपवून ठेवणं मला जमत नाही, आणि माझ्या मते ते बरंही नसतं.

कातमी पानाची गाठ मारत होती. ती पुरी केली, दुसरं पान घेतलं, त्यात सोयाबीन भरलं, तीही गाठ मारली. मग म्हणाली, "चांगली माणसं आहेत."

"हो," मी म्हटलं. "पण मूर्ख आहेत."

"आता कोणाकडे माझं काहीच नाही, बू गुरू. कोणाला माझ्याकडे यायची गरज नाही, मला कोणाकडे जायची." एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं ती झोपली असेल. तर थोड्या वेळाने बाहेर आली आणि विचारलं की बँक उद्या उघडी असते का.

लग्नाच्या दोन दिवस आधी ती सकाळी माझ्या दारात उभी. पाठीशी टोपलं बांधलेलं, वीस किलोंचं, वजनाने पुढे वाकलेली. या वयात. मी म्हटलं, बोलावलं नाहीये तुला. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर तुम्ही बरोबर चला. मी गेले.

सुलिकाहने तिला बघितलं आणि धावतच आली, टोपलं उतरवून घेतलं. मग गडबडली. काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिने कातमीला मांडवात पुढच्या रांगेत बसवलं, पाहुण्यांत, प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्चीवर. कोणीतरी भाताची बशी आणून हातात दिली, वर चांगली कोंबडीची तंगडी. मांडवात आणखी कोणी आलेलं नव्हतं. खुर्च्यांच्या सगळ्या रांगा रिकाम्या, आणि मधोमध ही, गुडघ्यावर बशी. मागून पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज येत होता. कातमीने घास घेतला नाही.

सुलिकाह तिच्यासमोर उकिडवी बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "यू, का गं आणलंस? मी मुद्दाम नाही पाठवला डबा. हे वीस किलो मी तुला परत कुठे करू?"

"करू नकोस."

"असं कसं? मग ते माझ्यावर राहील."

"राहू दे तुझ्यावर," कातमी म्हणाली. "कायमचं राहू दे. पुढच्या लग्नाला त्या पलीकडच्या घरावर ठेवीन, मग त्याच्या पलीकडच्या. सगळ्यांवर थोडं थोडं राहू दे. म्हणजे माझ्या दारावरून जाताना तुम्हाला जरा टोचेल, आणि डोकवाल आत."

आजवर कोणी असं तोंडाने म्हटलं नव्हतं. मग सुलिकाहने कातमीच्या गुडघ्यावरची बशी उचलली.

"तर मग इथे काय बसलीस लाटसाहेबिणीसारखी? पाच किलो कांदे पडलेत मागे. माझी सून सोलतेय, एकेका कांद्याला नमस्कार करून."

कातमी उठली आणि मांडवाच्या कडेने, भिंतीला धरून मागे गेली. मी पुढेच बसून राहिले. बू गुरूला कोणी कांदे सोलायला देत नाही. त्या बशीतली तंगडी नंतर मीच खाल्ली, वाया कशाला घालवायची.

तीन दिवस ती तिथे होती. लग्न झालं, चौथ्या दिवशी मांडवाचे बांबू उतरले, भाड्याच्या खुर्च्या गाडीत चढल्या. संध्याकाळी कुंपणापाशी आली, बोटांना अजून कांद्याचा वास. मला विचारलं, आता पुढचं लग्न कोणाकडे आहे?

मी म्हटलं, आता सुरो लागतो, कातमी. सुरोच्या महिन्यात कोणी लग्न काढत नाही.

"हो, खरंच की," ती म्हणाली, आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली.